हातात कागद, समोर माणसं

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझी ओळख करून देताना निवेदकांनी 'अमेरिकेत सात वर्षं वास्तव्य' असं सांगितलं. शब्द अगदी चपखल आहे. नोकरी नाही, व्यवसाय नाही, शिक्षण नाही; वास्तव्य. त्याविषयी पुढे बोलेनच.

संयोजकांनी आम्हा पाच जणांना एकच विषय दिलाय, 'ज्याचं ऋण मानावं असं काही'. माझ्या आधीचे वक्ते आईवडिलांवर बोलले, शाळेवर बोलले, एक जण कृष्णेच्या पुरात मदतीला धावलेल्या माणसांवर बोलला. मी एका विनोदी कार्यक्रमावर बोलणार आहे. तोही इंग्रजी. तोही लॉस एंजेलिसमधला. आणि त्यातला बराचसा मी कानात वायर घालून, भांडी घासता घासता ऐकलेला. 'हिचं आणि शाळेचं काय?' हा प्रश्न मराठीच्या बाईंच्या चेहऱ्यावर मला इथूनही दिसतोय. येते बाई, तिथेच येते.

कार्यक्रमाचं नाव 'द थ्रिलिंग अ‍ॅडव्हेंचर अवर'. बेन अ‍ॅकर आणि बेन ब्लॅकर हे दोघे मित्र तो लिहायचे. नावंही अशी, की आपल्याकडे हजेरी घेताना सरांनी दोघांना एकदमच 'हजर' मांडलं असतं. २००५ साली हॉलिवूडमधल्या 'एम बार' नावाच्या एका लहानशा जागेत त्यांनी सुरुवात केली. कल्पना अशी, की अमेरिकेत १९३० ते १९५० च्या दरम्यान रेडिओवर जशा श्रुतिका व्हायच्या, गुप्तहेरांच्या, काउबॉयच्या, भुताखेतांच्या, तशाच आता नव्याने लिहायच्या. पण स्टुडिओत बंद दाराआड नाही, तर प्रेक्षकांसमोर रंगमंचावर. नेपथ्य नाही. नट सुटाबुटात आणि नट्या संध्याकाळच्या उंची पोशाखात माइकसमोर उभ्या. प्रत्येकाच्या हातात कागद. शेजारी वाद्यवृंद. प्रत्येक मालिकेचं शीर्षकगीत तिथल्या तिथे गायलं जाणार. मधूनमधून जाहिराती, त्याही खोट्या: एका कॉफीची आणि एका सिगारेटची, दोन्ही जगात कुठेच मिळत नाहीत. हे सगळं महिन्यातून एकदा.

नंतर हा कार्यक्रम 'लार्गो' नावाच्या नाट्यगृहात गेला आणि जानेवारी २०११ पासून त्याचे तुकडे पॉडकास्ट म्हणून जगभर ऐकायला मिळू लागले. एका वेळी एकच गोष्ट, साधारण आपल्या शाळेच्या मधल्या सुट्टीएवढी. पॉडकास्ट म्हणजे काय हे आता इथल्या आठवीतल्या मुलांनाही माहीत आहे. पण हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्या शब्दाला जन्मून जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे पहिली पाच-सहा वर्षं या मंडळींनी जे केलं ते मुख्यतः समोर बसलेल्या माणसांसाठी केलं. पुढे तो घरोघर पोचेल अशी आशा धरण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

आता माझं. २००९ मध्ये नवऱ्याची बदली लॉस एंजेलिसला झाली. इथली बँकेतली चौदा वर्षांची नोकरी सोडून मी मुलीला घेऊन त्याच्यामागे गेले. त्याचा व्हिसा एच-१बी, आमचा एच-४. या सभागृहात ज्यांच्या मुली-सुना तिकडे आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. एच-४ वर तेव्हा काम करायला परवानगी नव्हती. काम नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नाही म्हणून प्रत्येक अर्जात एक चौकोन रिकामा. कागदोपत्री माझी ओळख एकच, 'अवलंबून असलेली'. चौदा वर्षं लोकांची कर्जप्रकरणं तपासलेल्या बाईला वाचनालयाचं कार्ड काढायलासुद्धा नवऱ्याच्या नावाचं वीजबिल दाखवावं लागलं. कुणी वाईट वागलं नाही, नियमच तसा होता. पण सकाळी नऊला नवरा आणि मुलगी बाहेर पडली, की साडेतीनपर्यंत घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. जिन्यात भेटल्या की हवापाण्याचं बोलायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "तू दिवसभर घरात काय ऐकतेस?" काय करतेस असं नाही, काय ऐकतेस. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी त्यांच्या नातवाने भरून दिलेलं ते एवढंसं यंत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे ऐक. मी लहान असताना आमच्या घरी असंच वाजायचं."

पहिल्या दिवशी मला निम्मंच कळलं. इंग्रजी माझं बरं होतं हो, पण ते बँकेचं इंग्रजी. विनोदाचं इंग्रजी वेगळं, आणि हे लोक बोलायचे बंदुकीच्या गोळीसारखे. पहिल्या मालिकेचा नायक मंगळावरचा फौजदार. तिकडे मंगळ म्हणजे जुना अमेरिकन पश्चिम भाग: धूळ, दारूचा गुत्ता, घोड्यांवरचे दरोडेखोर, फक्त जोडीला यंत्रमानव आणि परग्रहवासी. फौजदाराचं नाव स्पार्क्स नेव्हाडा. यात हसण्यासारखं काय हे मला कळेना. मग आजींनी सांगितलं, की स्पार्क्स हे नेव्हाडा राज्यातल्या एका गावाचं नाव आहे. म्हणजे आपल्याकडे फौजदाराचं नाव 'तासगाव सांगलीकर' ठेवावं तसं! ते कळलं आणि मी जिन्यातच बसून हसले.

त्यानंतर मी रोज ऐकू लागले. एकेक भाग दोनदा, तीनदा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा विनोदासाठी आणि तिसऱ्यांदा हसणाऱ्या लोकांसाठी. हे तिसरं सांगितलं पाहिजे. आपण सगळे पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी ऐकत वाढलो. त्या कॅसेटीत पु. लं.च्या आवाजाइतकंच आपल्या ओळखीचं काय होतं? समोरच्या प्रेक्षकांचं हसणं. कुठल्या वाक्यावर हशा येणार, तो किती लांबणार, मधूनच एखादा माणूस कसा खोकत हसणार, हे आपल्याला पाठ होतं. त्या सभागृहात आपण कधी गेलो नाही, तरी संध्याकाळी घरात कॅसेट लागली की आपण त्यांच्यातले व्हायचो. लॉस एंजेलिसच्या त्या रिकाम्या घरात मला नेमकं तेच मिळालं. खोलीत एकदम तीनशे माणसं आल्यासारखी वाटायची.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. कार्यक्रमात पुष्कळ मालिका होत्या आणि मधल्या काही मला अजूनही सोसत नाहीत. कॅप्टन लेझरबीम नावाचा एक अतिमानव होता. त्याचं काम करणारा जॉन डिमाजिओ मोठा आवाजाचा नट, 'फ्युचरामा'तला बेंडर तोच. पण लेझरबीम आला की मी आवाज कमी करायची. अमेलिया एअरहार्टची मालिका मात्र मला आवडायची. ही खरीखुरी वैमानिक १९३७ मध्ये विमानासह नाहीशी झाली. या लोकांनी ठरवून टाकलं, की ती नाहीशी झालीच नाही, नाहीसं होण्याचं नाटक करून ती गुपचूप नाझींशी लढतेय, तेही काळाच्या मागेपुढे उडत! माणूस कागदावरून नाहीसा झाला म्हणजे तो काहीच करत नसतो असं नाही, हा विचार तेव्हाच्या माझ्यासारखीला किती गोड वाटला असेल ते बघा.

पण शेवटी असायची ती मालिका खरी. 'बियाँड बिलीफ'. फ्रँक आणि सेडी डॉइल हे श्रीमंत नवराबायको, पॉल एफ. टॉमकिन्स आणि पॅजेट ब्रूस्टर. या दोघांना भुतं दिसतात, म्हणून लोक त्यांच्या दारात गाऱ्हाणी घेऊन येतात. दोघांना भुतांमध्ये काडीचा रस नाही. त्यांना रस आहे फक्त पेल्यात आणि एकमेकांत. पेल्याला पेला लावायचा, पण हातात पेला कुठला, हातात कागद! मग ते दोघे तोंडानेच 'क्लिंक' म्हणायचे. आणि तीनशे माणसं वेडी व्हायची.

इथे मला एक बोलू द्या. आपल्याकडे नवराबायकोवरचा विनोद म्हणजे भांडण. तिचा स्वयंपाक, त्याचं घोरणं, दोघांची माहेरं-सासरं. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी जी गोडी ठेवायचे, ती नंतरच्या दूरदर्शन मालिकांतून पार हरवली. फ्रँक आणि सेडीच्या गोष्टीत विनोद कशात होता? हे दोघं एकमेकांवर इतकं प्रेम करतात, की भूतसुद्धा कंटाळून निघून जातं. नवरा-बायको सुखी आहेत एवढ्यावर दहा वर्षं लोकांना हसवता येतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी आजींनी मला त्यांच्या गाडीतून लार्गोला नेलं. ला सिएनेगा बूलेव्हार्डवरचं कॉरोनेट हे जुनं नाट्यगृह. आपल्या सांगलीकरांना नाट्यगृहाचा इतिहास विचारायची खोड असते, म्हणून मी विचारला. याच रंगमंचावर १९४७ मध्ये ब्रेख्तच्या 'गॅलिलिओ'चा इंग्रजी प्रयोग पहिल्यांदा झाला होता, चार्ल्स लॉटन प्रमुख भूमिकेत. आत तीनशेच्या आत खुर्च्या. आपल्या भावे नाट्यमंदिरापेक्षा कितीतरी लहान. नियम कडक: प्रयोग चालू असताना बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. पडदा वर गेल्यावर बघते तर खरंच काही नाही. माइक, माणसं, कागद. मार्क इव्हान जॅक्सन हा स्पार्क्स नेव्हाडा, उंच, गंभीर चेहऱ्याचा. वाचून झालेलं पान तो हळूच मागे सरकवायचा. एखाद्याला हसू आवरलं नाही तर तो कागद तोंडासमोर धरायचा, आणि मग तर प्रेक्षकांना अधिकच ऊत यायचा.

त्या रात्री एका विनोदावर सगळे हसले, थांबले, आणि दोन सेकंदांनी मी एकटीच हसले. मला तो उशिरा कळला होता. आजींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. काही आठवड्यांनी तो भाग पॉडकास्टवर आला. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. हशा झाला, विरला, आणि मग एका बाईचं हसणं, एकटीचं, जरा चिरकं. मी नळ बंद केला. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. मीच! त्या देशात माझ्या नावाचं पगारपत्रक नव्हतं, कराची नोंद नव्हती, दारावरच्या पाटीवर माझं नाव नव्हतं. पण माझं हसणं त्या रात्रीच्या नोंदीत होतं. संध्याकाळी नवरा आला तेव्हा बूट काढायच्या आत मी त्याच्या कानात वायर घातली. तो म्हणाला, "हे तर तुझं सांगलीतलं हसू आहे. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं."

चार वर्षांत मी अकरा वेळा लार्गोला गेले. आजींबरोबर सात, नवऱ्याबरोबर तीन आणि शेवटी एकदा बसने एकटी.

आता बाई, शाळेकडे येते. तिथे बसून मला सारखं आठवायचं ते आपला आठवीचा वर्ग, पावसाळा, खेळाचा तास रद्द. बाई वर्गात यायच्या, श्रुतिकेच्या कागदांची चळत टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पाठ करायचं नाही. नुसतं वाचायचं. पण असं वाचा, की मागच्या बाकावरच्याला डोळे मिटून दिसलं पाहिजे." मला एकदा सासूचं काम आलं होतं आणि आज पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या आपल्या एका मित्राला सुनेचं. त्याचं नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत खाली बघतोय.

नंतर कॉलेजात मी एकांकिका केल्या. लग्न झालं आणि सुटलं. का सुटलं? कुणी मनाई केली नाही. महिनाभर रोज संध्याकाळी तालमीला जायचं, तर घरी स्वयंपाक कोण करणार, लेकराला कोण बघणार? आपल्या या नाट्यपंढरीत अशा किती जणी असतील. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीता स्वयंवर' केलं त्याचा अभिमान आपण सगळे सांगतो, पण लग्नानंतर रंगमंचावर न चढलेल्या बायकांची यादी कोणी करत नाही. लार्गोत मला त्याचं उत्तर मिळालं आणि ते उत्तर म्हणजे तो कागद. तिथले नट दिवसा दूरदर्शन मालिकांत, चित्रपटांत कामं करणारे, कामाच्या गडबडीत असलेले. पाठांतर आणि लांबलचक तालमी असत्या तर त्यांनी दहा वर्षं काय, दहा महिनेही हे केलं नसतं. कागद हातात म्हणून ते येऊ शकले. पाहुणा कलाकारही ऐनवेळी उभा राहू शकला. लोकांना वाटतं कागद हातात म्हणजे आळस, म्हणजे अर्धवट काम. मला वाटतं, प्रपंचात अडकलेल्या माणसाला नाटक करता यावं म्हणून तो कागद आहे.

२०१२ च्या गणपतीनंतर आम्ही सहा जणी जमलो. तिथल्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या, सगळ्या एच-४. एक दंतवैद्य, दोन अभियंते, एक प्राध्यापिका, एक औषधनिर्माती आणि मी. म्हणजे आमच्या दिवाणखान्यात तेव्हा जेवढ्या पदव्या रिकाम्या बसल्या होत्या, तेवढ्यांत एक बरं कॉलेज निघालं असतं. लिहायचं आम्हीच. आमचा नायक गणपती पेठेतला हळदीचा व्यापारी, जो हळदीचा वास घेऊन खुनी ओळखतो. मध्ये जाहिरात हवीच, म्हणून कधीच न निघालेल्या एका भडंगाची जाहिरात. फोनवर ध्वनिमुद्रण करून ते भारतात आपापल्या घरी पाठवायचं.

माझ्या आईची दृष्टी तेव्हा काचबिंदूने जवळजवळ गेली होती. वाचन बंद, टीव्ही बंद. भाचा तिला फोनवर लावून द्यायचा. पहिला भाग ऐकून तिने मला सांगितलं, "वाचलंत बरं. पण हे मयताच्या घरात वाचल्यासारखं का वाटतंय? ऐकायला कोणी नव्हतं का?" आईला कधी कोणी समीक्षक म्हटलं नाही, पण एका वाक्यात तिने लार्गोचं गुपित सांगितलं. पुढच्या महिन्यापासून आम्ही माणसं बोलवायला लागलो. नवरे, मुलं, शेजारी, ज्यांना मराठी कळतं ते आणि ज्यांना कळत नाही तेही. खालच्या आजी एक अक्षर कळत नसताना पहिल्या खुर्चीवर बसायच्या आणि बाकीचे हसले की हसायच्या, दोन सेकंद उशिरा. आई फोनवर विचारायची, "ती उशिरा हसणारी म्हातारी आली होती का?"

त्या मंगळाच्या मालिकेत क्रोच नावाचा एक मंगळवासी आहे, वाटाड्या. स्पार्क्सने त्याचा जीव वाचवला, म्हणून त्याच्या जमातीच्या रीतीप्रमाणे तो स्पार्क्सच्या ऋणात आहे. तो त्याचा पाठलागच सोडत नाही. प्रत्येक वेळी ऋण किती फिटलं, किती उरलं, किती नव्याने चढलं याचा हिशेब अगदी गंभीरपणे सांगतो, आणि स्पार्क्स वैतागतो: बाबा, राहू दे, मैत्री म्हणून सोबत राहा की! मी बँकेतली, त्यामुळे मला या क्रोचची पहिल्यापासून आपुलकी. संयोजकांनी आजचा विषय कळवला तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला. फेडायचं म्हणून तो सोबत राहतो, आणि सोबत राहता राहता फेडायचं बाजूलाच राहतं.

२०१५ मध्ये अ‍ॅकर आणि ब्लॅकरनी महिन्याचे प्रयोग थांबवले. पडला म्हणून नव्हे. तिकिटं संपत होती, त्याआधी चाहत्यांनी वर्गणी काढून त्याचं चित्रमय पुस्तकही काढून दिलं होतं. दहा वर्षं झाली, आता पुरे, असं त्यांनी ठरवलं. मला वाईट वाटलं, रागही आला थोडा. आजी म्हणाल्या, "माझ्या लहानपणीचा रेडिओ कधी संपला ते कुणी सांगितलंच नाही. हे निदान निरोप देतायत." त्याच वर्षी मे महिन्यात नियम बदलला आणि काही एच-४ धारकांना कामाची परवानगी मिळू लागली. मलाही मिळाली. आठ महिने मी एका दुकानाचे हिशेब लिहिले. पहिल्या पगाराच्या धनादेशाचा फोटो आईला पाठवला. तिला दिसणार नव्हता, पण तिने भाच्याकडून आकडा तीनदा वाचून घेतला.

२०१६ मध्ये आम्ही परत आलो. घर पुण्यात केलं, पण महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार सांगलीत. आईच्या पुढच्या खोलीत वाचन सुरू झालं. आपल्याच वर्गातल्या तिघी, शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर, भाचा आणि मी. हळदीचा व्यापारी आता खरोखरच गणपती पेठेजवळ आला होता, त्यामुळे चुका काढणारेही वाढले. "त्या बोळातून मार्केट यार्डाला जाताच येत नाही," असं प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडायचं, आणि तेही ध्वनिमुद्रणात यायचं. आई पलंगावर भिंतीला टेकून बसायची. कोणाचं काम कोण करतंय हे तिला आवाजावरून कळायचं आणि चुकीच्या माणसाला काम दिलं असेल तर ती मध्येच सांगायची. नवऱ्याबायकोचं एक जोडपं आम्ही लिहिलं होतं, बाल्कनीत चहा पिणारं. चहाच्या कपाचा आवाज तोंडानेच काढायचा. तो आवाज आला की आई पलंगावरून आपला कप बशीवर आपटायची. खरा.

२०१९ च्या मार्चमध्ये ती गेली. त्यानंतर बरेच महिने मी ती ध्वनिमुद्रणं लावली नाहीत. एकदा मुलीने लावली, स्वयंपाकघरात, मला न सांगता. बशीचा आवाज आला, आणि त्यामागे आईचं हसणं, फुटक्या पिपाणीसारखं, सगळ्यांच्या आधी. ती नेहमी आधी हसायची, वाक्य पूर्ण होण्याआधीच. मी हातातलं काम सोडून तिथेच खुर्चीत बसले आणि तो भाग शेवटपर्यंत ऐकला. भडंगाच्या जाहिरातीसकट.

लार्गोतल्या त्या मंडळींना माझं नाव माहीत नाही, माहीत व्हायचं कारणही नाही. त्यांच्या वाद्यवृंदाचे अँडी पेली, ज्यांनी त्या सगळ्या गाण्यांना चाली दिल्या, ते २०२४ मध्ये वारले. ती बातमी मी पुण्यात रिक्षात वाचली आणि रिक्षावाल्याने विचारलं, "घरातलं कोणी गेलं का ताई?" काय सांगणार? मी म्हटलं, ओळखीचे होते.

माझी वेळ संपत आली, सर घड्याळाकडे बघतायत. एक सूचना करते आणि खाली बसते. आज जेवणानंतर, तीन वाजता, आपल्याच आठवी 'ब'च्या वर्गात आम्ही वाचणार आहोत. हळदीच्या व्यापाऱ्याची नवी गोष्ट आहे, शाळेतल्या प्रयोगशाळेतून सापळा चोरीला जातो त्याची. कागद सोळा जणांना पुरतील एवढे आणलेत. सासूचं काम बाईंसाठी ठेवलंय, त्या काल फोनवर हो म्हणाल्या आहेत. सुनेचं काम अजून रिकामं आहे. तिसऱ्या रांगेतल्या साहेबांनी नाही म्हणायच्या आधी लक्षात घ्यावं, की पाठ काहीच करायचं नाही. चष्मा मात्र आणा. अक्षर मोठं छापलंय, पण आपली वयं आता झाली आहेत. बाकीच्यांनी समोर बाकांवर बसायचं आणि फोन बंद ठेवायचे. माझा एकटीचा तेवढा चालू असेल, ध्वनिमुद्रणासाठी.